तितर नको, तलंग घे

पत्र असं आहे:

‘सर, मी शहादा तालुक्यातला, वय २५. घरी केळी आणि पपईची शेती. शिकारीचा नाद आमच्याकडे आजोबांपासून. ओसरीवर त्यांनी मारलेल्या सांबराचं भरलेलं मुंडकं अजून आहे. मीही मित्रांबरोबर सातपुड्याच्या पायथ्याला तितराला, सशाला जातो. मागच्या रविवारी एक तितर मिळाला. तो खाल्ला नाही, पेपरात गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवला आहे. व्हिडिओ बघून तो स्वतःच्या हाताने भरावा आणि आजोबांच्या सांबराशेजारी ठेवावा असं मनात आहे. टाकणखार (बोरॅक्स) आणून ठेवला आहे. आई रोज म्हणते, “हाई काय लई उना रे घरमा?” पहिल्यांदाच करतोय. सुरुवात कुठून करू? मला तुमच्या वर्गातला विद्यार्थी समजून सांगा.’

विद्यार्थी समज म्हणालास, म्हणून अरे-तुरेच करतो. बरीच वर्षं प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मुलांना पक्ष्याचं कातडं काढायला शिकवलं आहे, तेव्हा तुझा प्रश्न माझ्या अगदी हातातला आहे. पण आधी त्या तितराचं बोलू.

तितराला सुरी लावू नकोस. १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने तितर, ससा, सांबर या सगळ्यांच्या शिकारीला बंदी आहे. मेलेला वन्यप्राणीही शिकाऱ्याचा होत नाही, तो सरकारची मालमत्ता ठरतो. असं काही हाती आलं तर ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वन अधिकाऱ्याला कळवावं लागतं. कातडं काढून त्यात काही भरलं की कायद्याच्या भाषेत ती ट्रॉफी होते आणि तिच्यासाठी वेगळी कलमं लागतात. २०२२च्या दुरुस्तीनंतर साध्या गुन्ह्यालाही ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पहिल्या अनुसूचीतल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीतल्या, प्राण्यासाठी किमान ३ वर्षं आणि जास्तीत जास्त ७ वर्षं कैद आहे. म्हणजे तू ज्याला आठवण म्हणून ओसरीवर ठेवणार आहेस, तो येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसणारा पुरावा असेल.

मग फ्रीजरमधल्या तितराचं काय? तो शिजवू नकोस, कुणाला देऊ नकोस, रात्री नेऊन नाल्यात टाकू नकोस. आधी शहाद्यात एखादा वकील गाठ आणि जे झालं ते त्याला जसंच्या तसं सांग. मग त्याच्या सल्ल्याने वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे जा. ही वाट अवघड आहे, मला कळतं. पण तू पत्रात एक शब्दही लपवला नाहीस, तिथेही तसाच बोल. आणि मित्रांना सांग की रविवारचा हा कार्यक्रम आता बंद. तितराच्या जोडीला आपण पहाटे ऐकतो तेव्हा दोघंही ओरडत असतात. पुढच्या रविवारी त्या बांधावर जाऊन नुसता उभा राहा. एकटाच आवाज आला तर तो ऐक.

आता आजोबांचं सांबर. या मुंडक्याचं मालकी प्रमाणपत्र घरात आहे का, ते शोध. जुन्या ट्रंकेत, सातबाऱ्याच्या नि खरेदीखताच्या कागदांत अशी प्रमाणपत्रं निघतात. २००३ साली सरकारने जुन्या वस्तू जाहीर करायला १८० दिवसांची शेवटची संधी दिली होती, त्या वेळी वडिलांनी काही केलं होतं का, हेही विचार. प्रमाणपत्र असलेली वस्तू वारशाने आली तर वारसाने ९० दिवसांत वनखात्याकडे तसं जाहीर करायचं असतं. प्रमाणपत्र आहे पण वस्तू घरात ठेवायची नाही, असं असेल तर २०२२च्या दुरुस्तीत ४२अ हे कलम आलं आहे. त्यानुसार अशी वस्तू स्वखुशीने मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जमा करता येते. त्याचा मोबदला मिळत नाही. उपवनसंरक्षकांच्या कार्यालयात रीत सांगतील. कागद नसेलच तर काय करायचं, हे आधी वकिलाला विचार. वकिलाकडे जाशील तेव्हा दोन्ही गोष्टी एकदमच विचार.

आणि तोवर त्या मुंडक्याला कुणी हात लावू नये. हे मी कायद्यासाठी सांगत नाही. जुन्या काळी कातड्याला कीड लागू नये म्हणून आतून आर्सेनिकचा साबण चोळायचे. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये ही युक्ती निघाली आणि पुढे जगभर तीच चालली, विसाव्या शतकातही बरीच वर्षं. आर्सेनिक म्हणजे सोमल. तो उडून जात नाही, केसांत आणि धुळीत राहतो. तुमच्या घरी दर दिवाळीला कुणीतरी फडक्याने ते मुंडकं पुसत असणार, आणि बहुधा ती आईच असणार. ते आजपासून बंद. लहान मुलं असतील तर त्यांना शिंगांशी खेळू देऊ नकोस. काढायची वेळ आली तर हातमोजे आणि मास्क घालूनच काढा.

आता तुझा खरा प्रश्न. तुझ्या पत्रातली एक ओळ मी दोनदा वाचली: ‘स्वतःच्या हाताने.’ ही ओढ चांगली आहे आणि ती मारायची अजिबात गरज नाही. तिला फक्त दुसरा पक्षी हवा.

गावरान तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, घे. कोंबडी हा पाळीव पक्षी, त्यामुळे वन्यजीव कायद्याचा प्रश्न येत नाही. कोंबडा दिसायला रुबाबदार असतो, पण पहिल्या वेळेला तो घेऊ नकोस. त्याचा तुरा आणि गळ्याखाली लोंबणारे लाल लोळे वाळले की आक्रसतात, काळपट पडतात, आणि तुऱ्यामुळे मानेचं कातडं डोक्यावरून उलटताना अडतं. तलंगेचा तुरा नखाएवढा असतो. ब्रॉयलर तर नकोच. त्याच्या कातड्याखाली चरबीच चरबी असते आणि या कामात चरबीइतका मोठा वैरी नाही. होला, पारवा, रस्त्याकडेला मेलेला भारद्वाज, यातलं काहीही उचलून आणू नकोस.

पक्षी निरोगीच हवा, डोळ्यांदेखत कापलेला. आपोआप मेलेली कोंबडी स्वस्त मिळाली म्हणून घेऊ नकोस. नवापूर तुझ्यापासून लांब नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक तिथेच उघड झाला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. २०२१ मध्ये तो पुन्हा आला. कोंबडी कशाने मेली, हे ठाऊक नसेल तर तिच्यात बोटं घालायची नाहीत.

वेळही बघ. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ला जातो, तेव्हा मांस दोन तासांत वास मारायला लागतं आणि कातडं कडेने वाळून तडकतं. पावसाळ्यात बुरशी धरते. संक्रांतीच्या आगेमागे, सकाळी, सावलीत बस. पहिल्या वेळी तीन-चार तास लागतील, मध्ये उठावं लागणार नाही असा दिवस निवड.

तुझ्या डोक्यात ‘पेंढा भरणे’ आहे. आपली भाषाच तशी आहे, पेंढा भरलेला वाघ म्हणतो आपण. पण चांगला कारागीर पोत्यात भुसा कोंबावा तसं काही कोंबत नाही. तो आतलं शरीर मापाने घडवतो आणि त्यावर कातडं चढवतो. म्हैसूरचे व्हॅन इंगेन यांचा कारखाना १९००च्या सुमारास सुरू झाला नि १९९९ साली बंद झाला. राजेरजवाड्यांचे वाघ-बिबटे तिथे जात, आणि त्या कामाची सगळी ताकद आतल्या साच्यात होती. ते पुढचं. पहिल्या तलंगेला पायांवर उभं करू नकोस. तार, तोल, काचेचे डोळे या सगळ्यात पहिल्याच दिवशी अडकलास तर कातडं काढायचं जे मूळ काम, ते राहून जाईल. संग्रहालयांच्या कपाटात पक्षी उताणे, पंख मिटून, पाय बांधून ठेवलेले असतात. त्याला आम्ही अभ्यासाचं कातडं म्हणतो. आधी ते कर.

तलंग आणल्याबरोबर वजन कर, चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत माप घे आणि वहीत लिही. गळ्याशी रक्त लागलं असेल तर गार पाण्याने पुस, गरम पाण्याने डाग पक्का बसतो. घशात कापसाचा बोळा घाल. मग उताणी ठेव आणि छातीच्या मधोमध पिसं दोन्ही बाजूंना फुंकून बघ. तिथे पिसं नसलेली उघडी पट्टी दिसेल. छातीच्या हाडाच्या मध्यापासून खाली गुदद्वाराच्या अलीकडेपर्यंत फक्त कातडं काप. पोटाचा पडदा फाटला तर आतलं पाणी पिसांवर येतं. शेजारी मक्याचं पीठ परातीत घेऊन बस. ओल दिसली की पीठ, बोट चिकटलं की पीठ.

इथून पुढे सुरीचं काम कमी, बोटांचं जास्त. लहान मुलाच्या अंगातून घट्ट स्वेटर काढतो तसं कातडं ओढायचं नाही, ढकलायचं. ओढलं की ते ताणतं, आणि ताणलेलं पुन्हा जागेवर येत नाही. गुडघा वर ढकल, सांध्यातून काप, पायाच्या हाडावरचं मांस खरवड, हाड राहू दे. शेपटीशी जपून काप, पिसांची मुळं कापलीस तर शेपूट हातात येईल. मग धड आकड्याला टांग आणि पाठीवरून कातडं खाली उतरव. पंख खांद्याशी काप, पंखातलं मांस आतल्या बाजूने काढ.

मान उलटत डोक्याशी आलास की श्वास रोखून काम करावं लागतं. कवटीच्या बाजूला कातडं अडकल्यासारखं वाटेल. तो कान. कातडं कानाच्या भोकात एका बारीक पिशवीसारखं गेलेलं असतं. तिथे सुरी लावायची नाही. चिमट्याने ती पिशवी मुळाशी धर आणि हलकेच बाहेर ओढ, पांढरट, ओलसर, तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी सुटून येईल. थोडं पुढे डोळा. डोळ्याभोवती निळसर पातळ पडदा दिसतो, तो अगदी डोळ्याला चिकटून काप. पापणीला टोचलं तर वाळल्यावर ते भोक मोठं होतं आणि सगळ्या चेहऱ्याची कळा जाते. माझ्या वर्गात जी मुलं इथपर्यंत घाई करत यायची, ती इथे आपोआप गप्प व्हायची. डोळे काढ, कवटीचा मागचा भाग मानेसकट काप, मेंदू नि जीभ काढून कापसाने पूस.

तोवर फक्त मक्याचं पीठ वापरलं असशील आणि काम गारव्यात भराभर झालं असेल, तर धड धुऊन लगेच आईकडे दे. काळ्या मसाल्याचा रस्सा होईल, आणि तिचा अर्धा राग तिथेच उतरेल. टाकणखाराचं एक बोटही लागलं असेल तर मात्र ते खायचं नाही.

आता चरबी. इथे माझा स्वतःचा अनुभव सांगतो. उमेदीच्या वर्षांत मी एक देखणी कोंबडी अशी तयार केली होती की सगळे बघायला यायचे. शेपटीच्या बुडाशी थोडी पिवळी चरबी राहिली होती, ती मी बघितली आणि वाळेल म्हणून सोडून दिली. दोन महिन्यांत पोटाची पिसं तेलकट पिवळी झाली आणि पावसाळा संपेतो कपाटात बारीक केसाळ अळ्या दिसू लागल्या. ती कोंबडी गेलीच, शेजारचे दोन जुने पक्षीही गेले. तेव्हा कातडं उलटं ठेवून शेपटीचं बूड, काखा, मांड्या, मानेचा तळ इथली चरबी बोथट सुरीने खरवड. मग भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात कातडं धू, साबण जाईतो खळबळ, टॉवेलात दाबून पाणी काढ आणि गार हवेवर ड्रायर लाव. सुरुवातीला ते भिजलेल्या चिंधीसारखं दिसेल, घाबरू नकोस. पिसं पाठीकडून वाळायला लागली की एकेक करून उघडतात, आणि तपकिरी मानेवर सोनेरी कडा परत येतात.

यानंतर टाकणखार. जळगावच्या सराफ्यात सोनार डाग देताना वापरतात तोच. आतल्या बाजूने सगळीकडे चोळ. हातमोजे घाल, मुलांच्या हाती लागू देऊ नकोस आणि भांडी स्वयंपाकाची वापरू नकोस. डोळ्यांच्या खाचांत कापसाच्या गोळ्या बसव. सरळ, वाळलेली तुराटी घे, तिला मापाप्रमाणे कापूस गुंडाळ, एक टोक कवटीत, दुसरं शेपटीशी. पोटाशी थोडा जास्त कापूस. कापूस आपल्या खानदेशात कमी नाही, पण इथे सढळ हात नको, फुगलेला पक्षी खोटा दिसतो. चीर शिव, पंख मिट, पाय एकावर एक घेऊन दोऱ्याने बांध, पिसं सारखी कर, जाळीदार कापडात सैल गुंडाळ आणि दोन-तीन आठवडे सावलीत, मुंग्यांपासून दूर वाळू दे. वाळल्यावर घट्ट पिशवीत घालून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेव, अळीची अंडी राहिली असली तरी मरतात. या वेळी मात्र आईला विचारून.

एवढं करून काम संपलं असं समजू नकोस. पायाला चिठ्ठी बांधायची आहे, आणि तू ज्या तालुक्यात राहतोस तिथल्या माणसाला चिठ्ठीचं महत्त्व सांगायला मी थांबणारच.

जेम्स डेव्हिडसन नावाचा ब्रिटिश अधिकारी एकोणिसाव्या शतकात खानदेशात होता. त्याने इथे पक्षी गोळा केले, त्यात वनपिंगळाही होता. १८७३ साली ए. ओ. ह्यूम या पक्षीतज्ज्ञाने या पिंगळ्याला शास्त्रीय नाव दिलं. १८८४ नंतर मात्र त्याचा खात्रीचा नमुना कुणाला मिळाला नाही. जगभरच्या संग्रहालयांत मोजून सात कातडी होती. त्यातलं एक रिचर्ड माइनर्टझॅगन या इंग्रज कर्नलच्या संग्रहातलं, आणि त्याच्या चिठ्ठीवर लिहिलेलं की १९१४ साली गुजरातमधल्या मांडवीजवळ मिळालं. म्हणजे पिंगळा १९१४ पर्यंत होता आणि शोधायचा तर तिकडे, असं लोक धरून चालले.

पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधक बाईंनी ते कातडं बारकाईने तपासलं. ते एकदा उसवून पुन्हा भरलेलं होतं. पण कातडं काढणाऱ्याचा हात अक्षरासारखा असतो, तो पुसता येत नाही. त्यात डेव्हिडसनच्या हाताच्या खुणा राहिल्या होत्या. कर्नलने संग्रहालयातून खानदेशचा पिंगळा चोरला होता आणि नवी चिठ्ठी बांधली होती. खोटी चिठ्ठी बाजूला काढली तेव्हा खरे पत्ते उरले, आणि रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट ते पत्ते घेऊन निघाले. २५ नोव्हेंबर १९९७ला सातपुड्याच्या पायथ्याशी, तुझ्या शहाद्याजवळ, भर दिवसा झाडावर बसलेला वनपिंगळा त्यांना दिसला. ११३ वर्षांनी.

म्हणून तुझ्या तलंगेच्या पायाला जाड कागदाची चिठ्ठी बांध. पाण्याने न पसरणाऱ्या शाईने किंवा शिसपेन्सिलीने लिही: गावरान कोंबडी, मादी, तारीख, गाव, वजन, लांबी, डोळ्याचा रंग कापण्याआधी कसा होता तो, पोटात काय दाणे निघाले ते, आणि तुझं नाव. चिरताना काही फाटलं असेल तर तेही लिही. बाजारातून आणली असेल तर ‘घरची’ लिहू नकोस.

मुंबईला जाणं झालं तर बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००९ पासून वन्यजीव टॅक्सिडर्मी केंद्र आहे. मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. संतोष गायकवाड यांनी ते उभं केलं. मरण पावलेले वाघ-सिंह तिथे रीतसर परवानगीने जतन होतात. हे काम पुढे खरंच करायचं असेल तर रस्ता तिथून जातो. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा संग्रहही आहे. सालिम अलींनी लहानपणी एअरगनने एक चिमणी मारली, ती ओळखायला ते तिथे गेले आणि तिथे त्यांना भरलेले पक्षी दाखवले गेले, कातडं काढायला शिकवलं गेलं. तेही शिकारीच्या घरातूनच आले होते.

तुराटी, कापूस, मक्याचं पीठ घरात आहेच. टाकणखार तू आणला आहेस. या आठवड्यात वकिलाचं काम उरक. तलंग झाली की फोटो पाठव, पण आधी चिठ्ठीचा, अक्षर वाचता येईल असा.